‘डिमर’ला काय म्हणावं? आणि ‘लो व्होल्टेज’ला?

दापोली :
अंजर्ल्याच्या घरी आगरात माडांच्या बुंध्याशी १२ व्होल्टचे दिवे लावतोय. मीटरशेजारच्या पेटीवर आणि डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर, मराठी पाट्या हव्यात. ‘मंदक’ आणि ‘लघुदाब’ लिहू का? ‘मंदक’ वाचून घरातून आवाज आला, हे काय खोकल्याचं औषध आहे?

चिपळूण :
घरचा आवाज बरोबर आहे. नाम शोधत बसलात म्हणून अडलात, क्रियापद तयार आहे की. आपण गॅस बारीक करतो, कंदिलाची वात बारीक करायचो. डिमरवर ‘दिवे बारीक–मोठे’ लिहा, आजीलाही कळेल. ‘मिणमिणता’ नको, त्यात तेल संपत आल्याची तक्रार आहे. ‘मालवा’ही नको, त्यानं दिवा विझतोच.

रत्नागिरी :
दादा, मी वायरमन. ‘लघुदाब’ मात्र अजिबात लिहू नका. महावितरणच्या भाषेत लघुदाब ग्राहक म्हणजे तुम्ही-आम्हीच, २३० व्होल्टवाले. १९५६च्या जुन्या वीज नियमांतही ‘लो’ म्हणजे २५० व्होल्टपर्यंत होतं. तुमच्या दिव्यांच्या खोक्यावरचं ‘लो व्होल्टेज’ १२चं. आंतरराष्ट्रीय मानकांत त्याला ‘एक्स्ट्रा लो’ म्हणतात, एसी असेल तर ५० व्होल्टच्या आतलं. एकाच शब्दाखाली एक तार हात लावण्यासारखी आणि दुसरी जीव घेणारी. पावसात ओल्या हातानं पेटी उघडणारा माणूस कुठला अर्थ धरेल? सरळ ‘१२ व्होल्ट’ आणि ‘२३० व्होल्ट’ लिहा.

वेंगुर्ला :
आमच्याकडे तिसरोच अर्थ. ‘लो व्होल्टेज’ म्हणजे सांजेक पंप उचलणा नाय, ‘लाईट डीम येता’. पाटी वाचून पावणो म्हणतलो, हेंच्याकडे कायमच लो व्होल्टेज!

दापोली :
पटलं, आकडेच लिहितो. आणि ट्रान्सफॉर्मरला ‘रोहित्र’ लिहू का? डिमर त्याच्या आधी, २३०च्या बाजूला आहे. डिमर म्हणजे घरात पडून असलेला पंख्याचा रेग्युलेटर. दिवे फडफडतात.

रत्नागिरी :
फडफडणारच. रेग्युलेटर आणि डिमर एक नव्हेत, बोलताना आपण एक करतो. पायऱ्यापायऱ्यांच्या रेग्युलेटरात कपॅसिटर असतात. डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो. ट्रान्सफॉर्मरही दोन जातींचे. लोखंडी गाभ्याचा जड असेल तर त्याला लाटेची पुढची कड कापणारा आणि अशा ट्रान्सफॉर्मरसाठीच बनवलेला डिमर लागतो. हलका इलेक्ट्रॉनिक असेल तर बहुधा मागची कड कापणारा. त्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर कुठलाच लावू नका. दिवे १२ व्होल्ट डीसी एलईडी असतील तर सोपं आहे: ड्रायव्हरला, म्हणजे २३०चे १२ व्होल्ट डीसी करणाऱ्या डब्याला, सरळ २३० द्या आणि पीडब्ल्यूएम डिमर त्याच्या पुढे, १२च्या बाजूला बसवा. तो दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो, डोळ्याला फक्त बारीक झालेले दिसतात.

रोहित्र म्हणाल तर ते पेपरात जळतं. आम्ही खांबावरच्याला डीपी म्हणतो, भिंतीवरच्या डब्याला ट्रान्सफॉर्मर.

वायर किती चौरस एमएमची?

दापोली :
दीड. शेवटचा माड २० मीटरवर. दिवे सगळे मिळून ६० वॉट.

रत्नागिरी :
म्हणजे ५ अँपिअर. जाऊन-येऊन ४० मीटर तार, जवळजवळ अर्धा ओहम. सगळा भार टोकाला धरला तर २.४ व्होल्ट तारेतच जातात. तुमचा शेवटचा माड डिमर न फिरवताच बारीक! चार एमएम घाला, एक व्होल्टच्या आत येईल. आणि जोड उघडे ठेवू नका, खाऱ्या वाऱ्यानं तांबं हिरवं पडतं.

चिपळूण :
अंजर्ल्याला कासवांची पिल्लं निघतात ना? ती उजेडाकडे वळतात. हंगामात नुसते बारीक करून भागेल?

दापोली :
नाही भागणार, ताई. समुद्राच्या बाजूचे वेगळ्या बटणावर घेतो. त्याच्यावर तुम्ही काढून टाकलेला शब्दच लिहितो : ‘कासवांच्या दिवसांत मालवा’.