जर्मन सुनेला ओवाळले, मग केनियाच्या जावयाचे नाव निघताच घर गप्प का झाले?

विचारणा : मुलुंडची काकू

नमस्कार. घरातला विषय अनोळखी माणसांपुढे मांडावा की नाही, या विचारात दोन आठवडे गेले. नात्यात ज्याला विचारावे त्याचे मत आधीच ठरलेले आहे, म्हणून शेवटी येथे लिहीत आहे.

माझी मुलगी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला जलव्यवस्थापन शिकत असताना तिची तिच्याच वर्गातील एका केनियन मुलाशी ओळख झाली. मुलगा किकुयू समाजाचा, धर्माने ख्रिस्ती, नैरोबीजवळच्या किआंबूचा आहे. त्याचे वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि आई चहाची छोटी शेती पाहते. सध्या दोघेही नैरोबीत नोकरीला आहेत. लग्न मुंबईत नोंदणी पद्धतीने व्हावे, अशी मुलीची इच्छा आहे.

आमच्या घरात परदेशी माणूस पहिल्यांदा येतो आहे, असे नाही. २०१२ साली माझ्या पुतण्याने जर्मन मुलीशी लग्न केले, तेव्हा सासूबाईंनी तिला स्वतःच्या हाताने नऊवारी नेसवली होती. तिने वरणभात हाताने कालवून खाल्ल्याचे छायाचित्र आजही दिवाणखान्यात आहे. ज्या माणसांनी तेव्हा वरातीत नाचून घेतले, तीच आता माझ्या मुलीचे नाव निघाले की ताटाकडे पाहून जेवतात. मोठे दीर ‘आपल्याला झेपणार नाही’ एवढेच म्हणाले. नणंदेने ‘पुढे मुले कशी दिसतील?’ असे सरळ विचारले. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी फक्त ‘त्याला आईवडील आहेत ना?’ असे विचारले आणि पुन्हा विषय काढला नाही.

इतरांना दोष देण्यापूर्वी माझेही सांगते. मुलीने पाठवलेला त्याचा फोटो मी तीन दिवस यजमानांना दाखवला नव्हता. का दाखवला नाही, याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला आवडत नाही.

माझे विचारणे असे आहे की, या नकारात राहणीमान, धर्म आणि अंतर यांची रास्त काळजी किती आणि निव्वळ रंगाचा भाग किती, हे कसे ओळखावे? शिवाय त्यांच्याकडची माणसे अशा लग्नाकडे कशी पाहतात, हे कोणी जवळून पाहिले असेल तर कृपया लिहावे.

उत्तर : पार्ल्याचे मास्तर

काकू, फोटोची गोष्ट आपण लिहिली नसती तर मी कदाचित उत्तर दिले नसते. समाजशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. वर्गात जातीवर बोलताना सगळे मोकळे असत, रंगावर बोलताना मात्र मुले हसून विषय टाळत.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्याचा होता. गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींच्या विवाहावरील बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवली, तोपर्यंत सोळा राज्यांत ती लागू होती. १९५८ साली गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत अशा विवाहांना अवघ्या ४ टक्के लोकांनी संमती दर्शवली होती; २०२१ साली तो आकडा ९४ टक्क्यांवर गेला. तरीही अलाबामाच्या राज्यघटनेतील निरर्थक झालेले बंदीचे कलम काढण्यासाठी २००० साली मतदान झाले, तेव्हा सुमारे ४० टक्के मतदारांनी ते राहू द्यावे, असेच मत दिले. दक्षिण आफ्रिकेने १९४९ साली मिश्र विवाहांवर बंदी घातली आणि ती १९८५ साली उठवली. जर्मनांच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, १९०५ पासूनच असे विवाह नोंदवणे थांबवले गेले होते.

याच जर्मन प्रकरणाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. नामिबियातील मिश्र संततीचा अभ्यास करून अशा विवाहांना विरोध करणारे ऑयगेन फिशर हे बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या असमतोलाचा वंशाशी संबंध आहे का, हा विषय कर्वे यांच्याकडे होता. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा वांशिक फरक आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकाला नको असलेले उत्तर परदेशात, परक्या भाषेत लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे. (विषयांतर झाले खरे, पण ही गोष्ट सांगण्याची संधी मी सोडत नाही.)

आपल्याकडे वंशावरून लग्नबंदी करणारा कायदा नव्हता, कारण ते काम जात करीतच होती. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतभर केलेल्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी आपल्या समाजातील मुलींचे जातीबाहेरचे लग्न थांबवणे अत्यंत महत्त्वाचे मानले. रंग हा त्या चौकटीत शिरलेला भाव आहे. स्थळाच्या पत्रिकेत ‘गोरी’ हा शब्द हुद्द्याच्या आणि पगाराच्या रांगेत बसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गोरा परदेशी माणूस जातीच्या शिडीबाहेरचा म्हणून त्याला सगळे माफ होते. काळा परदेशी माणूसही तितकाच शिडीबाहेरचा आहे, पण त्याला आपण न विचारता खालच्या पायरीवर उभे करतो. आपल्या घरात जे घडले ते मला असे दिसते.

सावित्रीबाई खानोलकरांचे नाव आपल्या घरात निघते का, हे पाहा. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी १९३२ साली एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि पुढे परमवीर चक्राची रचना केली. मराठी माणूस हे अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. तोच अभिमान नैरोबीच्या जावयाच्या वाट्याला यायला काय आड येते, हे दिरांनी स्वतःला विचारावे.

उत्तर : गिरगावकर

मास्तरांचा आदर राखून थोडे वेगळे म्हणतो. दोन्ही प्रसंगांत रंगाखेरीज आणखी एक फरक आहे आणि तो त्यांच्या उत्तरात सुटला. २०१२ मध्ये लग्न मुलाचे होते, आता ते मुलीचे आहे. जर्मन सून आपल्या घरात आली, तिने आपली साडी नेसली, आपले नाव लावले. म्हणजे बदलली ती. मुलगी मात्र जाते, आणि जिथे जाईल तिथली होते, अशी आपली समजूत आहे. मुलगी सातासमुद्रापार द्यायची म्हटल्यावर आजी गप्प झाल्या असतील, तर तेवढ्यावरून त्यांच्यावर वर्णद्वेषाचा शिक्का मारू नये.

अर्थात याची परीक्षा सोपी आहे. डेल्फ्टलाच भेटलेला मुलगा डच असता, तर घर इतकेच गप्प झाले असते का? काकूंनी हा प्रश्न मोठ्याने विचारावा आणि पहिल्या दहा सेकंदांत चेहऱ्यांकडे पाहावे. उत्तर ‘होय’ आले तर काळजी अंतराची आहे. आणि ‘नाही’ आले तर मास्तर बरोबर आहेत.

नणंदबाईंच्या प्रश्नाचा मात्र बचाव मला करता येत नाही.

उत्तर : नैरोबीत अकरा वर्षे

कामानिमित्त अकरा वर्षे नैरोबीत राहून आता ठाण्यात स्थायिक झालो आहे. काकूंनी विचारलेल्या दुसऱ्या भागावर लिहितो, कारण नकार देण्याचा हक्क फक्त आपल्यालाच आहे अशा थाटात आपण ही चर्चा करतो, तसे नसते.

केनियात आपल्याला ‘मुहिंदी’ म्हणतात. त्या शब्दाला इतिहासाचा वास आहे. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेसाठी तीस हजारांहून अधिक भारतीय मजूर नेले गेले. बरेचसे परतले, काही राहिले, आणि त्यांच्या आगेमागे आलेल्या व्यापाऱ्यांनी गावोगावी दुकाने थाटली. स्वाहिलीत दुकानाला आजही ‘दुका’ म्हणतात. ब्रिटिशांनी नैरोबीत गोऱ्यांची, आशियाई लोकांची आणि आफ्रिकनांची वस्ती वेगळी ठेवली होती. १९६३ साली स्वातंत्र्य आले, तरी आपल्या माणसांनी मनातले कुंपण काही काढले नाही. २०१७ साली केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा माझा एक किकुयू सहकारी हसत म्हणाला होता की, शंभर वर्षे शेजारी राहिलात, माल विकलात, पण सोयरीक मात्र केली नाहीत. त्याला मी काय उत्तर देणार?

तेव्हा मुलाच्या आईवडिलांच्या मनातही प्रश्न असणार. ही मुलगी आमच्या घरात पाहुण्यासारखी बसेल का, तिच्या घरचे आम्हाला नोकरासारखे वागवतील का, ही त्यांची पहिली भीती असते. त्यांच्याकडेही आत उतरंडी आहेतच. किकुयू घरात लुओ या दुसऱ्या जमातीची सून येणार म्हटले की अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. २००७च्या निवडणुकीनंतर जमातीजमातींत झालेल्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मारली गेली, त्याची आठवण जुनी झालेली नाही.

आता रीतींबद्दल. किकुयूंमध्ये ‘रुराशिओ’ असते, म्हणजे मुलाकडच्या ज्येष्ठांनी मुलीच्या घरी जाऊन वधूमूल्य ठरवायचे. त्याची मोजणी परंपरेने शेळ्यांत होते आणि आता बहुधा पैशांत चुकती केली जाते. ते एकदम पुरे करायचे नसते, थोडे बाकी ठेवण्यातच नाते चालू राहण्याची खूण असते. आपल्याकडची माणसे हे ऐकून ‘मुलगी विकतात’ असे म्हणून मोकळी होतात. ज्यांच्या गावात हुंड्यापायी शेती गहाण पडली त्यांनी हे म्हणावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मुलांच्या नावांचाही नेम ठरलेला असतो : पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, मुलींच्या बाबतीत त्याच क्रमाने आज्यांची नावे. म्हणजे काकू, दुसरी नात झाली तर तिच्यासाठी आपले नाव मागितले जाईल, त्याची तयारी ठेवा.

सासूबाई कोकणातल्या असतील तर त्यांना एक सांगा. आपली नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली आहे आणि काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. तिला तिकडे ‘विंबी’ म्हणतात आणि तिची पेज तान्ह्या मुलांना अगदी आपल्यासारखीच देतात. यामुळे कोणाचे मत बदलेल असे मी म्हणत नाही, पण बोलायला विषय मिळतो. पहिल्या भेटीत तोच मिळत नाही.

खरी अडचण मला मुंबईतच दिसते. माझे एक केनियन मित्र येथे सहा महिने होते. तेवढ्यात चार सोसायट्यांनी त्यांना घर नाकारले आणि नकाराचे कारण प्रत्येक वेळी ‘कमिटीचे नियम’ हे होते. जावई मुलुंडला येईल तेव्हा वॉचमन त्याला फाटकात अडवून तीनदा विचारील. त्या वेळी यजमानांनी खाली उतरून त्याला घेऊन यावे.

उत्तर : नोंदणीचे काम पाहणारी वकील

भावनिक बाजूवर इतरांनी लिहिले आहेच, मी फक्त कागदांबद्दल लिहिते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली हा विवाह होऊ शकतो. त्यासाठी कोणालाही धर्म बदलावा लागत नाही आणि दोघेही भारतीय असण्याची अट नाही. मात्र नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. म्हणजे डिसेंबरमध्ये लग्न हवे असेल तर मुलीने ऑक्टोबरच्या आरंभीच घरी यायला हवे. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात येत असल्याने कार्यालय वांद्र्याचे. मुलाला अविवाहित असल्याचा दाखला त्याच्या देशाकडून आणावा लागेल. त्याला वेळ लागतो, आजच सुरुवात करावी. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती नव्याने द्यावी लागते. विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात.

ही नोटीस कार्यालयातील फलकावर लागते. घरचा विरोध तीव्र असेल तर तो काळ अवघड जातो, म्हणून नातेवाइकांना आधी तोंडी सांगून टाकलेले बरे. नैरोबीतच लग्न करायचे ठरले तर विदेशी विवाह अधिनियम, १९६९ खाली तेथील भारतीय उच्चायुक्तालयातही ते होऊ शकते.

एक सावधगिरी सांगते. केनियाच्या २०१४च्या विवाह कायद्यात रूढीप्रमाणे झालेला विवाह बहुपत्नीक असू शकतो असे गृहीत आहे, तर नागरी विवाह एकपत्नीकच असतो. मुलावर अविश्वास म्हणून हे लिहीत नाही. रुराशिओ हौसेने करावा, पण कायदेशीर विवाह नागरी पद्धतीचाच असू द्यावा. विवाहाची नोंद होऊन दोन वर्षे झाल्यावर जावयाला परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) कार्डासाठी अर्ज करता येतो.

मूळ विचारणा करणारीकडून : मुलुंडची काकू

सर्वांचे आभार. गिरगावकरांची परीक्षा मी रविवारी जेवणाच्या वेळी घेतली. ‘मुलगा डच असता तर?’ असे विचारल्यावर दिरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘मग मी आधी त्याचा पगार विचारला असता.’ त्यांनी हे खोटेपणाने म्हटले नाही, म्हणून मला राग आला नाही. या मुलाचा पगार त्यांनी अजूनही विचारलेला नाही, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. नणंद उठून आत गेली.

सासूबाईंना मी शेळ्यांचे सांगितले. मुलाकडचे मुलीच्या बापाला देतात, यावर त्यांचा विश्वास बसेना; त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी विकलेल्या दोन बैलांची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली आणि मग ‘शेळ्या इथे आणणार कशा?’ असे विचारून त्या स्वतःच हसल्या. मुलाशी व्हिडिओवर बोलायला मात्र अजून तयार नाहीत. मी आग्रह केलेला नाही.

मुलीने ४ ऑक्टोबरचे तिकीट काढले आहे. दोन साक्षीदार ठरले : माझा भाऊ आणि मुलीची मैत्रीण. तिसऱ्यासाठी दिरांना विचारले आहे. त्यांनी होकार दिलेला नाही, पण वांद्र्याच्या कार्यालयाचा पत्ता लिहून घेतला आहे.