मदत हवी आहे: बीजभाषणाला कातकरी मावशी हो म्हणाल्या, आता येत नाहीत

किनारेवाली:
आमच्या कॉलेजात रानभाज्यांवर चर्चासत्र आहे. बीजभाषण कातकरवाडीतल्या मावशींनीच करावं असा माझा आग्रह. गणपतीत हो म्हणाल्या, काल निरोप आला, जमत नाही. पत्रिका छापायला जायचीये. काय करू? लवकर सांगा.

खाजण:
तालुका? तारीख? मानधन किती? कारण विचारलंत का?

किनारेवाली:
महाड. डिसेंबरचा दुसरा आठवडा. मानधन नियमाप्रमाणे.

दर्यावर्दी काका:
पिंगुळीचे ठाकर चित्रकथीवाले बोलवा, चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ते. परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सभागृह भरेल.

खाजण:
काका, विषय रानभाजीचा आहे.
ताई, डिसेंबर? दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात. वीटभट्टीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. एक दिवसाचा खाडा कोण भरून देणार? "नियमाप्रमाणे" म्हणजे किती, आणि हातात कधी?

किनारेवाली:
भट्टीवरच आहेत, पेणकडे. ऑफिसने बायोडेटा आणि पॅन कार्ड मागितलं होतं. लेक फोनवर म्हणाली, "आयकडं तसला कागुद नाय, ती घाबारली."

सुकट:
मग नकार तुमच्या ऑफिसने आणवला. लेकीला सोबत बोलवा, दोघींचं भाडं आणि मजुरी आधी द्या. भाषण नको, गप्पा ठेवा. तुम्ही विचारा, त्या सांगतील.

दर्यावर्दी काका:
चिरनेरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहातले हुतात्मा नाग्या कातकरी. त्यांच्यावर एखादे प्राध्यापक छान बोलतील.

सुकट:
परत प्राध्यापकच? नाग्यांबद्दलसुद्धा वाडीतल्या माणसाला विचारा ना.

शेवळं:
मुळात डिसेंबरात दाखवणार काय? एका संस्थेने आमच्या गावच्या आजींना असंच हिवाळ्यात बोलावलं होतं. पाहुण्यांची भाषणं लांबली, आजींना शेवटची दहा मिनिटं. हातात काहीच नव्हतं, नुसत्या बोटांनी शेवळाच्या, त्या पावसाळी रानभाजीच्या, कोंबाची उंची दाखवत राहिल्या. त्याच आजी पहिल्या पावसात आमच्या ओटीवर बसून शेवळं सोलतात तेव्हा तास तास बोलतात. पिवळा भाग काढून टाक, काकडं (रानातली आंबट फळं) घातल्याशिवाय शिजवू नको, घसा खाजेल. जूनमध्ये ठेवा. मावशीही घरी, भाजीही रानात.

मुंबईकर चाकरमानी:
९ ऑगस्टला ठेवा, जागतिक आदिवासी दिन.

सुकट:
त्या दिवशी त्यांचा स्वतःचा कार्यक्रम असतो. तेव्हा तरी आपल्याकडे ओढू नका.

किनारेवाली:
अनुदान ३१ मार्चच्या आत खर्च करायचंय, जून कसा चालेल?

शेवळं:
मार्चच्या आत इतर अभ्यासकांचं सत्र उरका. बीजभाषण वेगळं काढा, जूनमध्ये, वाडीवर. त्याचा खर्च असा कितीसा? शिक्षकांनी वर्गणी काढा.

किनारेवाली:
हे प्राचार्यांना पटेल असं वाटतंय. रविवारी भट्टीवर जाऊन मावशींनाच विचारते. जाताना काय नेऊ?

खाजण:
सुका जवळा न्या. पत्रिका नको. मानधनाचा आकडा लेकीसमोर सांगा.

दर्यावर्दी काका:
पेणला नेमकी कुठे भट्टी? रविवारी माझी गाडी मोकळी आहे.