मदत हवी आहे: क्रोन्सच्या ऑपरेशननंतर भाऊ औषधं घ्यायला तयार नाही

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला क्रोन्स (आतड्याला वरचेवर सूज आणणारा जुनाट आजार) आहे. आधी आतड्याचा टीबी समजून गोळ्या झाल्या (आपल्याकडं ही गल्लत होतेच), शेवटी लहान आतड्याचा अरुंद झालेला शेवटचा भाग काढावा लागला. आता पोट दुखत नाही, त्यामुळं "रोगाचा तुकडाच काढला, आता औषध कशाला?" म्हणतोय. डॉक्टरांचं म्हणणं, ऑपरेशननं हा आजार मुळातून जात नाही. बहुतेक वेळा आतडं कापून जोडलेल्या जागीच परत उठतो आणि त्रास व्हायच्या आधी दुर्बिणीत दिसतो. म्हणून ६ ते १२ महिन्यांत कोलोनोस्कोपी करायचीच. सिगारेटनं धोका वाढतो, ती काही सुटेना. आईनं मात्र तांबडा रस्सा बंद केलाय, त्या बिचाऱ्याचा काय दोष!

तुमच्यापैकी कुणाला ऑपरेशननंतर आजार परत उठू नये म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन किंवा अ‍ॅडॅलिमुमॅबची इंजेक्शनं दिली का? खर्च कसा झेपला? शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातली सूज कळते ती) कोल्हापुरातच होते की नमुना बाहेर पाठवतात? बी-१२ची इंजेक्शनं कुणाला लागली? सिगारेट सोडवणारं कुणी चांगलं राजारामपुरी-शाहूपुरीकडं असेल तर तेही सांगा. काढे आणि चूर्णं कृपया सुचवू नका, ती घरात आधीच डबाभर आहेत.