अवरक्त छायाचित्रणासाठी ‘अ‍ॅपो’ लेन्स घ्यावी का?

प्रश्न (रावेर)
नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या डीएसएलआरच्या सेन्सरवरील अवरक्तरोधक काच काढून तिथे ७२० नॅनोमीटरचा (साधारण त्याहून लांब तरंगांचा, म्हणजे अवरक्त प्रकाशच आत सोडणारा) फिल्टर बसवून घेतला आहे. पुढे केळीची बाग आणि मागे सातपुडा अशी चौकट २०० मिमी लेन्सने घेताना व्ह्यूफाइंडरमध्ये डोंगराची धार रेखीव दिसते, चित्रात मात्र ती पसरट येते. लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान ठेवूनही भागत नाही. अ‍ॅपोक्रोमॅटिक (‘अ‍ॅपो’, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच जागी आणणाऱ्या) टेलिफोटोने हा दोष जाईल, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?

उत्तर (धुळे)
भाऊ, तेवढ्यासाठी घेऊ नका. अ‍ॅपो लेन्स तीन तरंगलांब्या एकाच प्रतलावर आणते हे खरे, पण त्या सहसा ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दृश्य पट्ट्यातल्याच असतात. त्यापलीकडची हमी त्या नावात नाही. तरंगलांबी वाढते तसा काचेचा अपवर्तनांक घटतो, त्यामुळे अवरक्त किरण थोडे मागे एकवटतात. साध्या लेन्ससाठी जुना ठोकताळा असा की, लेन्स नाभीय अंतराच्या सुमारे १/४०० इतकी पुढे सरकवावी. २०० मिमीला हे अर्धा मिलिमीटर होते, आणि तेवढ्या फरकाने एफ/८ ला बिंदू पसरून त्याची चकती ०.०६ मिमीची होते, म्हणजे फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या) सेन्सरसाठी चालवून घेतल्या जाणाऱ्या ०.०३ मिमीच्या दुप्पट. (३५ मिमीला ती जेमतेम ०.०१ भरते, म्हणून वाइड लेन्सवाल्यांना हा त्रास जाणवतच नाही.) एफ/१६ ला चकती निम्मी होईल, पण ८५० नॅनोमीटरला तिथे विवर्तनाचाच (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने होणारा) ठिपका ०.०३ च्या वर जातो. मग हाती काय लागले?

उत्तर (चाळीसगाव)
धुळेकरांशी सहमत आहे. अतिनील ते अवरक्त, म्हणजे ३१५ ते ११०० नॅनोमीटरपर्यंत सुधारलेली कोस्टल ऑप्टिक्सची ६० मिमी एफ/४ सारखी लेन्स आहे, पण ती प्रयोगशाळांच्या कामाची आणि त्याच किमतीची. तुमचे दुखणे फोकस पाहण्याच्या जागेत आहे. व्ह्यूफाइंडर आणि आरशाखालचा ऑटोफोकस मुख्यतः दृश्य प्रकाशावर चालतात, चित्र मात्र अवरक्तात उमटते. लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचेच चित्र मागच्या पडद्यावर) लावून डोंगराची कड दहापट मोठी करा, लेन्सचे फोकसचे कडे हाताने फिरवून फोकस जुळवा आणि तिथे कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने रेघ ओढा. जुन्या लेन्सवर लाल खूण असते ती याचसाठी. झूम असल्यास प्रत्येक नाभीय अंतराला वेगळी रेघ लागेल. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाने मोठ्या लेन्सचा फोकस हलतो, तेव्हा थंडीतली रेघ उन्हाळ्यात पुन्हा तपासावी.

रावेर
आभारी आहे. लेन्सचा विचार तूर्त सोडला. खूण करूनही दूरची रांग धूसर आली तर?

उत्तर (धुळे)
मग हवा पाहा. हवेच्या रेणूंनी होणारे विकिरण ८०० नॅनोमीटरला ४५० च्या सुमारे एक दशांश असते, त्यामुळे निळसर झाक अवरक्तात कापली जाते. वावटळीने उडवलेल्या धुळीचे कण मात्र तरंगलांबीहून बरेच मोठे असल्याने तिथे फिल्टरचा विशेष उपयोग होत नाही. पाऊस पडून गेल्यावरची सकाळ निवडा.