८४ रेडिओ आणि तडा गेलेला माळा

ए-३०२
नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, सवडीने वाचा.

आमच्या अप्पांचे रेडिओ तुम्हाला माहीतच आहेत. परवा बसून मोजदाद केली, ८४ भरले. वॉल्व्हचे (आत काचेच्या नळ्या असलेले जुने) २९, ट्रान्झिस्टर ४६, रेडिओग्राम (रेडिओ आणि तबकडी एकाच पेटीत) २ आणि नुसते सांगाडे ७. मर्फी, फिलिप्स, बुश, जीईसी, नेल्को, सगळी मंडळी आहेत. अप्पा ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात होते तेव्हापासून एकेक करत जमवलेत. नाशिकच्या भद्रकालीतल्या भंगारवाल्यांकडे दर रविवारी फेरी असायची.

आता अडचण. मागच्या आठवड्यात मागच्या खोलीच्या माळ्याच्या कडप्प्याला तडा गेला. वॉल्व्हचा एक सेट ८-१० किलोचा, त्यातले १४ वर होते. म्हणजे सव्वाशे किलो वजन त्या कडप्प्यावर. खाली लेकीचं अभ्यासाचं टेबल आहे, तिचं यंदा दहावीचं वर्ष. त्याच रात्री सगळे खाली उतरवले. आता हॉलमधून चालायलाही जागा नाही.

सोसायटीत किंवा जवळपास कुठे कोरडी जागा मिळेल का? भाडं देऊ. मिरग लागायच्या आत हलवायचं आहे.

बी-१०१ काकू
अगं बाई, कुणाला लागलं नाही ना?

ए-३०२
नाही काकू, टेबलावर कुणी नव्हतं.

सी-४०३
गच्चीवर टाकीशेजारची पत्र्याची खोली रिकामीच आहे की. तिथे ठेवा.

सेक्रेटरी (बी-२०१)
वहिनी, मदत करायची मनापासून इच्छा आहे, पण नियम आधी सांगतो. गच्ची, जिना, पार्किंग, डक्ट, मीटररूम, लिफ्टची मशीनरूम यातली कुठलीच जागा एका सभासदाच्या सामानासाठी देता येत नाही. आदर्श उपविधीप्रमाणे सामाईक जागा अडवली तर मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम लागते, तीही दर महिन्याला. गेल्या वर्षी दोघांची जुनी कपाटं जिन्यातून काढायला लावली आहेत मी. मीटररूममध्ये तर लाकडी वस्तू विषयच नको. अप्पांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच आधी सांगतोय.

ए-३०२
बरोबर आहे तुमचं. गच्चीला अप्पांनीही नाहीच म्हटलंय. ते शेजारीच बसलेत, सांगतायत तसं टाइप करते:

"पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी होते. जुन्या सेटमध्ये कॉइलवर आणि कागदी कंडेन्सरवर मेण असतं, ते वितळून खाली येतं. ट्रान्झिस्टरच्या प्लास्टिकच्या बॉड्या वाकतात. आणि पावसाळ्यात त्याच पत्र्याला आतून घाम सुटतो."

ए-१०४
मग खाली वॉचमन केबिनमागची स्टोअररूम? कमिटीने ठराव केला तर चालेल ना?

सेक्रेटरी (बी-२०१)
ठराव दूरची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला तेव्हा त्या स्टोअरमध्ये पाणी शिरलं होतं, आठवतंय ना? सोसायटीच्या जुन्या फायलींचा लगदा मीच उपसलाय.

बी-४०२
आमचे मेहुणे अंबडला असतात, एमआयडीसीत गाळे भाड्याने मिळतात. विचारू का?

ए-३०२
दादा, विचारलंत यातच सगळं आलं. पण गोदामाचा अनुभव आमचा वाईट आहे. चार वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा १२ सेट एका गोदामात ठेवले होते, जाड प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. आम्हाला वाटलं, पाणी लागायला नको. दहा महिन्यांनी उघडले तर आतली ओल आतच राहिली होती. एका बुशच्या कॅबिनेटचं व्हीनियर पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. आतल्या पत्र्याच्या चॅसीला गंज. दोन सेटच्या मागच्या पुठ्ठ्यातून उंदीर आत गेले होते, स्पीकरचा कागदी कोन कुरतडून घर केलेलं. अप्पा दोन दिवस नीट जेवले नव्हते.

तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं आहे. जागा लहान असली तरी चालेल, पण रोज कुणीतरी दार उघडणारं हवं. बंद खोलीत रेडिओ टिकत नाही.

सी-२०१ (वायरमन दादा)
अप्पा शंभर टक्के बरोबर. मी त्यांच्याकडूनच शिकलोय. वर्षानुवर्षं बंद असलेला वॉल्व्हचा सेट थेट प्लगला लावला की आतला फिल्टर कंडेन्सर जातो, कधी सोबत ट्रान्सफॉर्मरही. आधी सेटच्या वायरीत सिरीजमध्ये बल्ब लावून व्होल्टेज हळूहळू चढवायचं. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. तीनचार महिन्यांतून एकदा अर्धा तास चालवला की कंडेन्सर ताजे राहतात आणि आतली ओलही उडते. त्यामुळे जागा हाताशी पाहिजे. अंबडला कोण जाणार दर तीन महिन्यांनी?

सी-४०३
एक विचारतो, राग नको. इतके ठेवायचेच का? संग्रहालयाला दिले तर लोक तरी बघतील. अंजनेरीला नाण्यांचं आहे, सिन्नरला गारगोटी दगडांचं आहे, रेडिओचंही कुणी सांभाळेल.

ए-३०२
राग कसला, घरात आमचीही हीच चर्चा झाली. पण कुठलीही संस्था निवडक वस्तूच घेणार, आणि त्याआधी यादी मागणार. आमच्याकडे यादीच नव्हती! या आठवड्यात लेकीने सुरुवात केली. प्रत्येक सेटचा पुढून, मागून, आतून फोटो, मागच्या पुठ्ठ्यावरचा मॉडेल नंबर आणि अप्पांना आठवेल ते. एका फिलिप्सच्या मागे घडी घातलेलं पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक निघालं. तेव्हा रेडिओ घरात ठेवायचा तर दर वर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे, हे तिला खरंच वाटेना. पानापानावर तिकिटं आणि शिक्के. ते पुस्तक आता त्या सेटबरोबरच राहील.

भंगारात देणं नको. तिथे तांब्याची तार आणि लोखंड तेवढं मोजतात, कॅबिनेट चुलीत जातं.

बी-१०१ काकू
तुमच्याकडे तो हिरव्या डोळ्याचा आहे ना अजून? आमच्या माहेरी तसाच होता. स्टेशन नीट लागलं की तो हिरवा पट्टा मिटत यायचा. वडील कुणाला हात लावू देत नसत. बुधवारी रात्री मात्र गीतमालेसाठी रेडिओ सिलोन लावायचे, आणि अख्खी आळी ओसरीवर. अमीन सयानींचा आवाज आला की आई भाकरी थापायची थांबायची.

ए-३०२
आहे ना काकू, चालू आहे. लावला की अर्धा मिनिट काहीच होत नाही, मग मागच्या भोकांतून वॉल्व्हचा तांबूस उजेड दिसायला लागतो, गरम धुळीचा वास येतो आणि डोळा हळूहळू हिरवा होतो. सिलोन आता कुठलं, पण रात्री मीडियम वेव्हवर मुंबई लागते. फक्त घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर बंद करावे लागतात, नाहीतर नुसती घरघर. आम्ही रात्री दिवे घालवून ऐकतो.

बी-१०१ काकू
मी येऊ का एकदा ऐकायला?

ए-३०२
एकदा काय, आजच या.

ए-४०१
मला एक सुचतंय. सगळे एकाच जागी कशाला? २४ फ्लॅट आहेत. प्रत्येकाने एकेक-दोनदोन सांभाळले तर? आमच्या हॉलमध्ये शोकेसवर एक सहज मावेल.

बी-३०३
आम्हीही घेऊ.

ए-१०४
+१. आमच्याकडे दोन.

सी-२०१ (वायरमन दादा)
कल्पना फार छान आहे, पण थांबा. वॉल्व्हचे सेट असे वाटू नका. काही जुने सेट एसी-डीसीवर चालणारे आहेत, त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. मेनचा एक वायर थेट चॅसीला जातो. पिन उलटी लागली तर अख्ख्या चॅसीवर २३० व्होल्ट. पुढची खुंटी (फिरवायचं बटण) निघालेली असेल आणि लहान पोराने त्या लोखंडी दांड्याला हात लावला तर खेळ खलास. कुणी हौसेने लावून बघणार नाही याची खात्री कोण देणार? ट्रान्झिस्टर द्या बिनधास्त, ते सेलवर चालतात.

ए-३०२
अप्पा मान डोलवतायत. त्यांचं म्हणणं, ट्रान्झिस्टर देईन, पण सेल काढून. गळलेल्या सेलने ट्रान्झिस्टरचं जेवढं वाटोळं झालंय तेवढं पावसानेही नाही केलं. ऐकायचा तेव्हा सेल घाला, झालं की काढा. आणि डांबरगोळ्या जवळ ठेवू नका, काही प्लास्टिक त्यांनी मऊ पडतं, खुंट्या चिकट होतात.

पण मग वॉल्व्हचे २९ राहिलेच की.

सी-३०१
नमस्कार. आम्ही पुण्यात असल्याने ग्रुपवर फार बोलत नाही, पण सकाळपासून सगळं वाचतेय. आमचा फ्लॅट दीड वर्ष बंद आहे. भाडेकरू ठेवायचा नाही असं ठरलंय, सासूबाई बऱ्या झाल्या की परत येणार आहेत. मागची छोटी खोली रिकामी आहे. तिसरा मजला, भिंतीला ओल नाही, खिडकी उत्तरेला, त्यामुळे ऊन थेट येत नाही. ती वापरा. भाडं नको. फक्त आठवड्यातून दोनदा सगळ्या खिडक्या उघडा आणि तुळशीला पाणी घाला.

ए-३०२
ताई, काय बोलू. अप्पांना वाचून दाखवलं. ते उठून आत गेले आणि डायरी घेऊन आले, रॅकचं माप काढायला.

सेक्रेटरी (बी-२०१)
फ्लॅट खासगी आहे, त्यामुळे सोसायटीची हरकत नाही. ताईंनी एक साधं पत्र मेल करावं, किल्ली कुणाकडे आणि खोली कशासाठी, एवढंच. विजेचं काय?

सी-२०१ (वायरमन दादा)
त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवतो. तिथे एकही सेट लावायचा नाही, चालवायचा तो अप्पांच्या घरी आणून. वजन २६० किलोच्या आसपास जाईल, सगळं एका भिंतीला नको. अँगलचे दोन रॅक दोन बाजूंना. भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून चार बोटं वर.

ए-३०२
अप्पांच्या सूचना, जशाच्या तशा:

"सेटवर सेट रचायचा नाही. तोंडावर पालथा घालायचा नाही, खुंट्या तुटतात. उचलताना खालून दोन्ही हात, बेकेलाइटचा असेल तर आणखी जपून, पडला की काचेसारखा फुटतो. अंगावर जुनी सुती साडी किंवा धोतर, प्लास्टिक नाही. डायलची काच आतून ओल्या फडक्याने पुसायची नाही, अक्षरं पुसली जातात."

ही शेवटची चूक माझीच आहे. लग्न होऊन आले त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत एका मर्फीची काच मी स्वच्छ पुसली होती. दिल्ली, मुंबई, लंडन सगळी नावं फडक्यावर आली. अप्पा एक शब्द बोलले नाहीत. तो सेट अजून तसाच कोऱ्या काचेचा आहे.

बी-४०२
ओल शोषणारे दाणे लागतील ना? मी मेनरोडवरून आणतो.

ए-३०२
हो दादा, सिलिका जेल, निळे आणा. ओल खाऊन गुलाबी झाले की मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. त्यासाठी एक जुनी कढई वेगळी काढलीय, ती स्वयंपाकात परत घेणार नाही.

आणि आज अप्पांनी स्वतःहून एक ठरवलं, ते मला सगळ्यांना सांगायचंच होतं. ७ सांगाडे ठेवायचे नाहीत. त्यातले वॉल्व्ह, कॉइल, खुंट्या काढून डब्यात, कॅबिनेट वायरमन दादांना. जोडीचे (एकाच मॉडेलचे जादा) ५ ट्रान्झिस्टर ज्यांना कायमचे हवेत त्यांनी न्यावेत. मोठा रेडिओग्राम लिफ्टमध्ये मावत नाही, तो आमच्या हॉलमध्येच राहील. धाकटाही तिथेच, लेक त्यावर पुस्तकं ठेवणार आहे.

बी-१०१ काकू
हिरव्या डोळ्याचा कुठे राहणार?

ए-३०२
तो अप्पांच्या उशाशीच राहील काकू. म्हणजे तुम्ही कधीही या.

सेक्रेटरी (बी-२०१)
रविवारी सकाळी ७ ते ९ लिफ्ट यासाठी राखून ठेवलीय, वॉचमनला सांगितलंय. एका फेरीत चारच सेट. ज्यांना यायचं त्यांनी नाव टाका, आणि घरातल्या जुन्या सुती साड्या घेऊन या.

ए-४०१
आम्ही दोघं.

ए-१०४
मी आणि मुलगा.

बी-१०१ काकू
माझ्याकडे सात साड्या आहेत, सगळ्या धुतलेल्या.