मुक्कामाला गेलं की रात्री पॅनिक अटॅक येतो, मदत हवी आहे

घरी मी पडल्या पडल्या झोपते. बाहेर मुक्काम असला की मात्र दिवा मालवला रे मालवला, छातीत धडधड, तळहातांना घाम, आता श्वासच अडकणार असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आहे. अटॅक साधारण 10 मिनिटांत शिगेला पोचून ओसरतो हे मला तोंडपाठ आहे, पण रात्री दोन वाजता पाठांतर कुठलं आठवायला! हळूहळू लांब श्वास सोडला की जरा बरं वाटतं, तेवढंच.

आता ऑफिसच्या ट्रेनिंगला जायचंय, खोलीत सहकारी असणार. तिला आधीच सांगून ठेवावं का? अशा वेळी उठून बसावं की पडूनच राहावं? कुणी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत) घेतली असेल तर त्यात नेमकं काय करून घेतात? ‘विचार करू नकोस’ एवढं सोडून काहीही सांगा.