मदत हवी आहे : गरम इंजिनवर ऑइलचा दिवा लुकलुकतो, दोन सेन्सर बदलून झाले

नमस्कार भावांनो,

मी आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहतो, घरची कास्तकारी आहे. गाडी 2012 ची, कॉमन रेल डिझेल, 1 लाख 38 हजार किलोमीटर चाललेली. मायचं डायलिसिस सेवाग्रामला असतं, आठवड्यातून दोनदा, एका बाजूने साठेक किलोमीटर. गावातून सकाळी वेळेवर पोचेल अशी एसटी नाही. म्हणून ही गाडी रस्त्यात बंद पडून चालणार नाही, आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

मे महिन्यात, पारा 45 वर असताना, वर्ध्याच्या सिग्नलवर लाल ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. थोडी रेस दिली की विझायचा. सकाळी थंड इंजिनवर काहीच नाही. गॅरेजवाला म्हणाला, सेन्सर गेला. बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा टाकला, तो कंपनीचा. तरी दिवा तसाच. आता तोच मिस्त्री म्हणतो, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन खोलून दुरुस्त करा.

मग मी घरीच तपासायला बसलो. आमच्या गाडीतला सेन्सर म्हणजे एकाच वायरचा साधा स्विच आहे. तेलाचा दाब नसला की तो वायर बॉडीला अर्थ करतो आणि दिवा लागतो. इंजिन चालू होऊन दाब आला की आतला पडदा सरकतो, अर्थ तुटतो, दिवा विझतो. चावी ऑन ठेवून वायर काढली, दिवा विझला. वायरचं टोक इंजिनला लावलं, दिवा लागला. म्हणजे वायर कुठे घासून बॉडीला लागलेली नाही. कापसाच्या खोलीशेजारी गाडी उभी असते, उंदरांचा पहिला संशय होता, पण वायरिंग शाबूत निघालं. प्लगमध्ये तेलही झिरपलेलं नाही.

दिव्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. पुलगावच्या एका ट्रॅक्टर मिस्त्रीकडून घड्याळाचं प्रेशर गेज आणलं, स्विच काढून त्याच जागी बसवलं. थंड इंजिन, न्यूट्रलवर 3.5 बार. तीस किलोमीटर फिरवून आणल्यावर न्यूट्रलवर 0.4 बार, 2000 आरपीएमला 1.4. असे स्विच साधारण 0.2 ते 0.5 बारच्या दरम्यान काम करतात, म्हणजे दिवा खरंच बोलत होता. दोन्ही सेन्सर बिचारे चांगलेच होते.

आता खरा प्रश्न. पावसाळ्यात वावराच्या पांदणीत चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) दगडावर आपटलं होतं, खाली पोचा आहे. घरच्यांना वाटतं की आतली, पंप जिच्यातून तेल ओढतो ती जाळी दबली. मला ते पटत नाही. जाळी अडली असती तर थंड, घट्ट तेल ओढताना आणि जास्त रेसवर दाब पडला असता. इथे उलट आहे, तेल पातळ झालं की दाब पडतो.

आणि एक गोष्ट मी उशिरा पाहिली. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे. मार्चमध्ये सर्व्हिसिंग झालं तेव्हा मी स्वतः पाहिलं होतं, बरोबर खुणेवर होतं. त्यानंतर थेंबभरही घातलेलं नाही. वास घेतला तर डिझेलचा येतो. पांढऱ्या टिपकागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवला, काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं पसरलं. माझ्या समजुतीप्रमाणे डिझेल तेलात उतरतंय, तेल पातळ होतंय, आणि गरम झालं की पंपाला दाब धरता येत नाही.

विचारायचं आहे ते असं :

डिझेल कुठून उतरत असेल? सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोजल गळत असेल की हाय प्रेशर पंपाचं सील? नोजलच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, बाटल्या लावून मोजलं तर चारपैकी गळका कळेल का? माझी शंका अशी की रिटर्नचं डिझेल टाकीत परत जातं. टोकातून सिलिंडरमध्ये ठिबकणारं त्या बाटलीत दिसणारच नाही. मग नोजल काढून बेंचवरच तपासावे लागतील काय?

दुसरं, तेल आणि फिल्टर बदलून, मॅन्युअलमधला 5डब्ल्यू-30 ग्रेड टाकून पुन्हा गेज लावायचा विचार आहे. गरम इंजिनला न्यूट्रलवर दाब 1 बारच्या वर गेला, तर बेअरिंग शाबूत समजायचे का? की एवढे दिवस पातळ तेलावर चालल्याने ते घासले असतीलच? टर्बोचं बेअरिंगही याच तेलावर फिरतं, त्याची भीती जास्त आहे. खाली उतरून ऐकलं, ठकठक आवाज अजून नाही.

गाडी परवापासून उभी केली आहे. गुरुवारी मायला न्यायला शेजारच्या काकांची गाडी मिळाली, सोमवारचं अजून ठरलेलं नाही. नोजल बेंचवर तपासून देणारा भरवशाचा माणूस वर्धा, अमरावती किंवा नागपुरात कोणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा, मी नोजल काढून बसने घेऊन येतो.